उष्णतेची मोट

पौष महिन्यांतील पहांटेच्या प्रहरीं निफाडच्या शिवारांतून जाणाऱ्या प्रवाशास एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. आकाश निरभ्र असतें, वारा पडलेला असतो, आणि द्राक्षांच्या बागांतून ठिकठिकाणीं शेकोट्या पेटलेल्या असतात. त्यांच्याभोंवतीं शेकत बसलेलें मात्र कोणी नसतें. त्या शेकोट्या माणसांसाठीं नसतातच. त्या वेलींसाठीं असतात. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख सपाट व सखल आहे. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकून देते, आणि जड झालेली थंड हवा शिवारांतच साचून राहते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रांत पारा पांच अंशांच्याही खालीं उतरल्याच्या नोंदी अनेक हिवाळ्यांच्या आहेत. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाला मानवत नाहीं. मण्यांची फुगवण थांबते, आणि मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास थंडीचा कडाका पडला तर मणी तडकतात. ऑक्टोबरांतील छाटणीपासून केलेली मेहनत व घातलेलें भांडवल अशा एकदोन रात्रींत मातीमोल होऊं शकतें. म्हणून बागाईतदार रात्रभर जागतो, ओलासुका पालापाचोळा जाळून ऊब आणि धूर करतो, आणि पहांटे ठिबकाचें पाणी सोडतो.

याच गांवीं फाल्गुनांत आलें तर चित्र अगदीं उलट दिसतें. आतां तोच बागाईतदार उष्णतेच्या भयानें सकाळीं लवकर घड उतरवितो. उतरलेल्या द्राक्षाच्या अंगांत उन्हाची धग भरलेली असते. ती जितका वेळ आंत राहील तितकें द्राक्ष अधिक श्वास घेतें, देंठ सुकून तपकिरी पडतो, आणि माल परदेशच्या बाजारांत पोंचेपर्यंत शिळा होतो. म्हणून निवड करून पेट्यांत भरलेली द्राक्षें लागलीच शीतगृहाच्या पहिल्या दालनांत नेतात. तेथें जोराची थंड हवा पेट्यांतून खेळवून कांहीं तासांत त्यांचें उष्णमान चार अंशांच्या खालीं आणतात, आणि पुढें तीं शून्य ते एक अंशाच्या थंडाव्यांत सांठवितात. जहाजावर चढणारी थंड पेटी, म्हणजे कंटेनर, ही आधींच थंड झालेला माल थंड राखण्यापुरतीच असते. गरम माल थंड करण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं नसतें. अर्थात् पहिल्या कांहीं तासांत जें साधलें नाहीं, तें पुढल्या तीनचार आठवड्यांच्या समुद्रप्रवासांत साधत नाहीं.

एकाच शिवारांत पौषांत ऊब हवी आणि फाल्गुनांत गारवा हवा. या दोन गरजा परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, आणि तें काम करणारें यंत्रहि एकच आहे. शीतगृहांत बसविलें असतां लोक त्यास थंडीचें यंत्र म्हणतात, रुग्णालयांत किंवा उपाहारगृहांत गरम पाण्यासाठीं बसविलें म्हणजे 'हीट पंप' म्हणतात. या पंपाचें काम दोन्ही ऋतूंत कसें चालतें, हें समजून घेण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाहीं. विहिरीवरची मोट ज्यानें पाहिली आहे त्याला तें सहज कळण्याजोगें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडी म्हणून कांहीं वस्तु जगांत नाहीं. वस्तु आहे ती उष्णता. तिच्या कमतरतेला आपल्या भाषेंत थंडी म्हणण्याची रीत आहे. यंत्र 'थंडी सोडतें' असें बोलण्यांत येतें, परंतु तें थंडी सोडीत नाहीं, उष्णता काढून नेतें. दुसरें असें कीं, उष्णतेचा स्वभाव पाण्यासारखा आहे. पाणी उंचावरून सखल जागीं आपोआप वाहतें, तशी उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप जाते. चहाचा पेला टेबलावर ठेवला तर निवतो. टेबलावरच्या निवलेल्या चहाला खोलीची हवा पुन्हां उकळी आणीत नाहीं.

पण पाणी खालून वर न्यावयाचें असेल तर काय करतात? विहिरीवर मोट बांधतात. बैल धांवेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यांत पाणी ओतते; तेथून तें पाटानें शेतांत जातें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बैल पाणी निर्माण करीत नाहींत. पाणी विहिरींत असतेंच. बैलांची शक्ति फक्त तें उचलण्यांत खर्च होते. उष्णतेच्या पंपाचेंहि तसेंच आहे. तो उष्णता निर्माण करीत नाहीं. थंड जागेंतील उष्णता उपसून गरम जागेंत ओततो. थंड जागा ही त्याची विहीर, गरम जागा हें त्याचें थारोळें, आणि विजेवर चालणारें दाबयंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, हे त्याचे बैल.

आतां उष्णता भरून आणण्यास चामड्याची मोट चालणार नाहीं. तिच्यासाठीं निराळें भांडें पाहिजे. तें भांडें निसर्गानेंच दिलें आहे. उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार कां होतें, हें घरोघर ठाऊक आहे. माठाच्या अंगांतून पाझरणारें पाणी वाफ होऊन उडतें, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तें माठांतील पाण्यापासून घेतें. द्रवाची वाफ होतांना उष्णता पोटांत घेतली जाते, व वाफेचा पुन्हां द्रव होतांना तीच उष्णता बाहेर टाकली जाते. हीच उष्णतेची भरती आणि ओतणी.

माठांतील पाण्याची वाफ उडून जाते, ती परत सांपडत नाहीं. यंत्रांत ती बंद नळ्यांत कोंडलेली असते, आणि तिच्या हालचालीवर दाबाचा लगाम असतो. दाब वाढला कीं द्रव अधिक उष्णमानावर उकळतो, दाब उतरला कीं कमी उष्णमानावर उकळतो. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरमध्यें पाणी शंभरऐवजीं सुमारें एकशेंवीस अंशांवर उकळतें व म्हणून डाळ लवकर शिजते, हें याचेंच उदाहरण. यंत्रांत पाण्याऐवजीं असा द्रव घेतात कीं, जो पुष्कळच थंड असतांना उकळतो. हवेच्या साध्या दाबाखालीं अमोनिया उणें तेहतीस अंशांवर उकळतो, आणि प्रोपेन उणें बेचाळीस अंशांवर. यंत्र दुरुस्त करणारे कारागीर या द्रव्यास नुसतें 'गॅस' म्हणतात. येथें त्यास शीतक म्हणण्यास हरकत नाहीं.

यंत्राचे मुख्य भाग चार. पहिला कॉम्प्रेसर. दुसरी व तिसरी अशा दोन नळ्यांच्या जाळ्या, ज्यांना कॉइल म्हणतात. त्यांपैकीं एक इमारतीच्या आंत आणि दुसरी बाहेर असते. चौथा भाग म्हणजे एक अरुंद तोटी, जिच्यांतून जातांना द्रवाचा दाब एकदम उतरतो. या चार भागांतून शीतक अखंड फिरत राहतो.

समजा, वैशाखाची दुपार आहे. बाहेर ४० अंश उष्णमान आहे आणि निफाडमधील एखाद्या रुग्णालयाच्या दालनांत २६ अंश राखावयाचें आहे. तोटींतून निघालेला शीतक आंतल्या कॉइलमध्यें येतो, तेव्हां त्याचा दाब इतका कमी असतो कीं, तो आठदहा अंशांवरच उकळूं लागतो. पंख्यानें खेळविलेली दालनांतील २६ अंशांची हवा या कॉइलवरून जाते. हवा गरम, कॉइल थंड. उष्णता आपल्या स्वभावानुसार हवेंतून कॉइलमध्यें उतरते, शीतकाची वाफ होते आणि हवा गार होते. हवेंतील ओल कॉइलवर जमून थेंब थेंब गळते. थंड करणाऱ्या यंत्राच्या नळींतून ठिबकणारें पाणी तें हेंच. मोट भरली.

ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड हाताला गरम लागतें, तशीच दाबलेली वाफ तापते व बाहेरच्या हवेपेक्षांहि गरम होते. ती बाहेरच्या कॉइलमध्यें गेली म्हणजे तेथील दाबामुळें पन्नास अंशांच्या आसपास तिचा द्रव होऊं लागतो. बाहेरची हवा ४० अंशांची, म्हणजे मनुष्याला असह्य. परंतु पन्नास अंशांच्या कॉइलपुढें ती थंडच. म्हणून उष्णता कॉइलमधून हवेंत जाते. मोट थारोळ्यांत रिती झाली. द्रव झालेला शीतक तोटींतून जातो, दाब उतरून गार होतो, आणि आंतल्या कॉइलकडे पुन्हां भरणीस जातो.

घरांतील रेफ्रिजरेटरच्या पाठीला किंवा कुशीला हात लावून पाहिला असतां ती गरम लागते, तें याच कारणानें. आंतल्या भाजीची उष्णता तेथें बाहेर पडत असते. उन्हाळ्यांत रेफ्रिजरेटरचें दार उघडें ठेवून स्वयंपाकघर थंड करूं पाहणाराची फजिती कां होते, हेंहि यावरून कळतें. पुढून काढलेली उष्णता मागून त्याच खोलींत ओतली जाते, आणि तींत कॉम्प्रेसरला लागलेल्या विजेची भर पडते. खोली थंड न होतां उलट तापते.

येथपर्यंत झाला तो गारव्याचा प्रकार. आतां पौषाची रात्र घ्यावी. बाहेर ५ अंश उष्णमान आहे आणि त्याच दालनांत रुग्णांसाठीं २२ अंश ऊब हवी आहे. यंत्र उलटें करून, आंतली कॉइल बाहेर व बाहेरची आंत अशी अदलाबदल केली असती तर काम झालें असतें. तसें करण्याची गरज पडूं नये म्हणून या यंत्रांत एक झडप बसविलेली असते. तिला चार तोंडें असतात. कारागीर तिला 'फोर-वे व्हॉल्व्ह' म्हणतात. एका तोंडानें कॉम्प्रेसरची दाबलेली वाफ येते, दुसऱ्या तोंडानें कॉम्प्रेसरकडे परत जाते, आणि उरलेल्या दोहोंस दोन कॉइल जोडलेल्या असतात. झडपेच्या पोटांत एक सरकता तुकडा असतो. तो एका बाजूस असतां दाबलेली वाफ बाहेरच्या कॉइलकडे जाते. विजेच्या एका लहानशा चुंबकाच्या इशाऱ्यानें तो दुसऱ्या बाजूस सरकला कीं तीच वाफ आंतल्या कॉइलकडे जाते. कॉम्प्रेसर आपल्या एकाच दिशेनें चालत राहतो. बैल तेच, धांव तीच. थारोळ्याची आणि विहिरीची तेवढी अदलाबदल झाली.

अशा रात्रीं बाहेरची कॉइल ही विहीर होते. येथें पुष्कळांच्या मनांत शंका येते कीं, पांच अंशांच्या बोचऱ्या हवेंत उष्णता ती कोठून असणार? शंका साहजिक आहे, पण ती शरीराच्या अनुभवांतून आलेली आहे. शून्य अंश म्हणजे पाणी गोठण्याचें उष्णमान. उष्णता संपण्याचें नव्हे. उष्णतेचा तळ त्याच्याहि खालीं सुमारें दोनशें त्र्याहत्तर अंशांवर आहे. त्या तळापासून मोजलें तर पौषांतील निफाडची हवा २७८ अंशांची, आणि वैशाखांतील ३१३ अंशांची. विहीर आटलेली नसते; पाणी थोडें खोल गेलेलें असतें, इतकेंच. म्हणून बाहेरच्या कॉइलमधील दाब आणखी उतरवून शीतक उणें चारपांच अंशांवर उकळेल असें करतात. त्या कॉइलपुढें पांच अंशांची हवाहि गरमच ठरते व आपली उष्णता देते. ती वाफ दाबून तापविली जाते, आंतल्या कॉइलमध्यें चाळीसपंचेचाळीस अंशांवर तिचा द्रव होतो, आणि दालनास ऊब मिळते.

हिशोबाच्या दृष्टीनें या यंत्राचें महत्त्व येथेंच आहे. विजेच्या साध्या शेगडींत एक युनिट वीज खर्चिली तर एक युनिट उष्णता मिळते; अधिक मिळणें शक्यच नाहीं. पंपांत मात्र ती एक युनिट वीज उचलण्याच्या कामीं लागते. आंत पोंचते ती बाहेरून उपसलेली उष्णता, आणि तिच्याबरोबर विजेची स्वतःचीहि उष्णता. बाहेर ५ व आंत २२ अंश असतां निर्दोष, घर्षणरहित अशा कल्पित यंत्रास एका युनिटांत सतरा युनिटें उष्णता पोंचवितां येईल, असें शास्त्र सांगतें. प्रत्यक्षांत कॉइल हवेपेक्षां पुष्कळ थंड व पुष्कळ गरम ठेवावी लागते, पंखे चालवावे लागतात, घर्षण होतें. म्हणून चांगल्या यंत्राकडून अशा हवेंत तीन ते चार युनिटें मिळतात. शेगडीशीं तुलना करतां तेवढ्यानेंहि विजेचा खर्च तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. विहीर खोल तर बैलांचे श्रम अधिक, हा नियम येथेंहि लागू आहे. दोन बाजूंच्या उष्णमानांतील अंतर जेवढें वाढेल तेवढा लाभ घटतो. म्हणूनच गारव्यासाठीं दालन १८ अंशांवर नेण्याचा हव्यास किंवा ऊब २८ अंशांवर नेण्याची हौस ही महाग पडते. एकेका अंशाची किंमत विजेच्या बिलांत दिसते.

थंडींतील कामांत एक अडचण येते. बाहेरची कॉइल शून्याखालीं असली आणि हवेंत दंव असलें तर कॉइलवर हिम जमूं लागतें. हिमाचा थर म्हणजे कॉइलच्या अंगावरची घोंगडीच. हवा आंत शिरत नाहीं, उष्णता मिळत नाहीं, आणि यंत्र चालत असूनहि खोली निवूं लागते. अशा वेळीं यंत्र स्वतःच झडप फिरवितें व कांहीं मिनिटें उलटें चालतें. तेवढ्यापुरती आंतली थोडी उष्णता बाहेर जाऊन हिम वितळतें, कॉइलमधून वाफेचे लोट निघतात, आणि झडप पूर्ववत् होते. हें न जाणणारा मनुष्य धूर निघाला असें समजून यंत्र बंद करतो व कारागिरास बोलावितो. वास्तविक तें यंत्राचें आजारपण नसून स्नान असतें. तथापि तें वारंवार, दर थोड्या वेळानें होऊं लागलें, तर कॉइल धुळीनें बुजली आहे किंवा शीतक गळून कमी झाला आहे, असें समजावें.

घरगुती यंत्र व मोठ्या इमारतींतील व्यापारी यंत्र यांत तत्त्वाचा भेद नाहीं; विस्ताराचा आहे. मोठ्या इमारतींत शीतक प्रत्येक दालनापर्यंत नेण्याऐवजीं पुष्कळदां पाण्याकडून काम घेतात. पंपाच्या एका बाजूस पाणी सुमारें सात अंशांपर्यंत थंड करून दालनांतून फिरवितात, आणि तें बारा अंशांचें होऊन परत येतें. थंडींत झडप फिरवून तेंच पाणी पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापवितात. एका मोठ्या कॉम्प्रेसरऐवजीं अनेक लहान कॉम्प्रेसर बसवितात, म्हणजे काम थोडें असलें तर थोडेच चालतात. मात्र व्यापारी यंत्राचा खरा लाभ वेगळाच आहे. मोठ्या संस्थेंत एकाच वेळीं एका जागीं गारवा आणि दुसऱ्या जागीं ऊब हवी असते. उपाहारगृहांत भोजनाचें दालन थंड करावयाचें असतें आणि त्याच वेळीं स्नानास व भांडी धुण्यास गरम पाणी पाहिजे असतें. दुधाच्या संघांत दूध थंड करावयाचें, आणि क्यान धुण्यास पाणी तापवावयाचें. अशा ठिकाणीं एकाच मोटेचीं दोन्ही टोकें कामास येतात.

निफाडच्या द्राक्षांचाच हिशोब मांडून पाहावा. दहा टन द्राक्षें २८ अंशांवरून ३ अंशांवर आणावयाचीं आहेत असें धरलें, तर त्यांच्यांतून सुमारें २५० युनिट उष्णता काढावी लागते. यंत्र एका युनिटांत तीन युनिटें उपसतें असें मानलें, तर वीज सुमारें ८३ युनिट लागेल. बाहेर टाकली जाणारी उष्णता या दोहोंची बेरीज, म्हणजे ३३३ युनिट. एवढी उष्णता २५ अंशांचें सुमारें चौदा हजार लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापविण्यास पुरेशी आहे. बाहेरच्या कॉइलच्या पंख्यापुढें हात धरला असतां जी गरम झुळूक लागते, तिच्यांत हें चौदा हजार लिटर ऊन पाणी वाऱ्यावर उडून जात असतें. त्याच आवारांत क्रेट धुण्यासाठीं किंवा शेजारच्या वसतिगृहांत स्नानासाठीं लाकूड, डिझेल किंवा शेगडीची वीज जळत असेल, तर एकाच धन्याच्या घरीं एका दारानें धान्य फेंकून दुसऱ्या दारानें तें विकत घेण्यासारखा हा व्यवहार होतो. नुसतीं धुण्याचींच कामें नव्हेत. बेदाणा वाळविण्यासहि कोमट, कोरडी हवा लागते. वाळवणाच्या बंद खोलींतील दमट हवा पंपाच्या थंड कॉइलवरून नेली तर तिची ओल गळून पडते, आणि तीच हवा गरम कॉइलवरून परत आणली तर ती कोरडी व ऊन होऊन पुन्हां द्राक्षांकडे जाते. अवकाळी पावसाच्या धास्तीनें ज्याचा बेदाणा शेडमध्यें काळवंडला आहे, त्यास या गोष्टीचें मोल समजावून सांगावयास नको.

ही कल्पना आजची नव्हे. हिंदुस्थानांत पूर्वीं थंडी विकत आणावी लागे. १८३३ मध्यें बोस्टनहून निघालेलें 'टस्कनी' जहाज लाकडाच्या भुशांत बर्फ घालून कलकत्त्यास आलें, आणि लवकरच मुंबईसहि असा अमेरिकन बर्फ येऊं लागला. गंमत अशी कीं, १८३४ मध्यें लंडन येथें जेकब पर्किन्स यानें वाफ दाबून थंडी करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें; म्हणजे बर्फाचीं जहाजें निकामी करणारें यंत्र तीं जहाजें चालूं होतांच जन्मास आलें होतें. उष्णतेपासून मिळणाऱ्या शक्तीचें मूलतत्त्व साडी कार्नो या फ्रेंच तरुणानें १८२४ मध्येंच मांडलें होतें. त्याच तत्त्वावरून विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, यांनीं १८५२ मध्यें दाखवून दिलें कीं, थंड करणारें यंत्र उलट बाजूनें वापरलें तर इमारती तापविण्यास इंधन जाळण्यापेक्षां तें काटकसरीचें होईल. ऑस्ट्रियांतील एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यांत पीटर फॉन रिटिंगर यानें १८५६ च्या सुमारास वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हां मीठ आटविण्यास लावली. १९३८ मध्यें स्वित्झर्लंडांतील झुरिकच्या नगरभवनांत लिम्माट नदीच्या थंडगार पाण्यांतून उष्णता उपसणारा पंप बसविण्यांत आला. हिवाळी नदींतून ऊब निघते, ही गोष्ट लोकांस त्यानें वर्षानुवर्षें डोळ्यांसमोर दाखविली.

या इतिहासाला एक काळी बाजूहि आहे. आरंभींचे शीतक विषारी किंवा ज्वालाग्राही होते. १९२८ च्या सुमारास अमेरिकेंत टॉमस मिज्ली यानें क्लोरीन व फ्लोरीन असलेलीं अशीं द्रव्यें शोधलीं कीं, जीं जळत नाहींत व अंगास बाधत नाहींत. जगानें त्यांचा आनंदानें स्वीकार केला. १९७४ मध्यें मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, हींच द्रव्यें उंच वातावरणांतील ओझोनचें कवच नासवितात. १९८७ च्या माँट्रियल येथील करारानें त्यांचा वापर टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचें ठरलें. त्यांच्या जागीं आलेलीं द्रव्यें ओझोनला अपाय करीत नाहींत, परंतु गळालीं तर पृथ्वीची उष्णता वाढवितात. म्हणून २०१६ मध्यें किगाली येथें त्यांनाहि आवर घालण्याचें ठरलें, आणि भारतानें त्यास २०२१ मध्यें मान्यता दिली. या फेऱ्यांत मोठ्या शीतगृहांतील जुना अमोनिया पुन्हां प्रतिष्ठा पावला आहे. तो विषारी आहे, हें खरें. परंतु त्याचा उग्र दर्प गळती होतांच सूचना देतो, आणि तो ओझोनासहि धक्का लावीत नाहीं व पृथ्वीसहि तापवीत नाहीं. कारागिरानें दुरुस्तीच्या वेळीं नळींतील गॅस हवेंत सोडून देणें हा निष्काळजीपणा आहे. तो सिलिंडरमध्यें भरून घेणें हेंच योग्य. ग्राहकानेंहि तसा आग्रह धरला पाहिजे.

एवढें सांगितल्यावर या यंत्राच्या मर्यादा लपवून ठेवणें उचित होणार नाहीं. पंप बंद दालनास ऊब देतो. एकरभर उघड्या द्राक्षबागेस ती देऊं शकत नाहीं. तेथें वर आकाश मोकळें आहे, आणि कितीहि उष्णता ओतली तरी ती त्या अथांग विहिरींत जाणार. म्हणून पौषांतल्या शेकोट्या आणि पहांटेचें पाणी यांस हा पर्याय नव्हे. दुसरें, पंपाची मूळ किंमत शेगडीपेक्षां किंवा बंबापेक्षां पुष्कळ अधिक असते. ज्या संस्थेस रोज गरम पाणी लागतें तिची ती विजेच्या बचतींतून वसूल होते, ज्या घरास वर्षांतून पंधरा दिवस ऊब हवी त्याची होत नाहीं. तिसरें, वीज नसली तर बैल बसले. ऐन हंगामांत वीज जाऊन शीतगृह तापूं लागलें म्हणजे काय होतें, हें बागाईतदारास ठाऊक आहे. म्हणून जाड भिंती, घट्ट दारें आणि पर्यायी विजेची सोय यांवर केलेला खर्च हा यंत्राइतकाच आवश्यक समजला पाहिजे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं याच निफाड गांवीं, ऐन थंडीच्या दिवसांत झाला. देशांतला कच्चा माल नुसता बाहेर धाडून देश संपन्न होत नाहीं, त्याला उद्योगाची जोड पाहिजे, असें प्रतिपादन त्यांनीं आपल्या अर्थशास्त्रावरील लेखांत केलें. आज त्यांच्या जन्मगांवच्या शिवारांतून द्राक्षें परदेशीं जातात, तीं या यंत्रांच्या बळावर जातात. पण द्राक्षांतून काढलेली उष्णता बहुतेक ठिकाणीं अजून वाऱ्यावरच सोडली जाते, आणि पलीकडच्या भिंतीला इंधन जळत असतें. तो कच्चा माल फुकट जात आहे, हें ज्याच्या ध्यानांत येईल तो संचालक किंवा गृहस्थ यंत्र विकत घेण्यापूर्वीं विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारील: येथें उपसलेली उष्णता कोठें ओतली जाणार? थारोळें कोठें बांधावयाचें याचा विचार मोट बांधण्याच्या आधीं करावयाचा असतो, हें जुन्या शेतकऱ्यास कोणी शिकविलें नव्हतें.